जुनी वीणा : दांडा, तारा आणि निगा

वाद्य जितके जुने तितके ते गोड, असा समज संगीताच्या जगात सर्वत्र आढळतो. याच्या उलट, वापरात नसलेले जुने वाद्य निकामी झालेच असणार, असाही समज तितकाच रूढ आहे. तीन पिढ्यांपूर्वीची एखादी वीणा घराच्या कोपऱ्यात उभी असते. कोणी ती ‘मेली’ असे सांगतो, तर कोणी तिच्या लाकडात दैवी गुण उतरला आहे असे मानतो. ही दोन्ही मते बहुधा परीक्षेवाचून दिलेली असतात. पहिल्या मतामुळे चांगले वाद्य अडगळीत जाते. दुसऱ्या मतामुळे त्यास हात लावण्याचे कोणी धाडस करीत नाही, आणि दुरुस्तीअभावी ते खरोखरच निकामी होते.

वाद्याचा आवाज ही गूढ वस्तू नव्हे. तो लाकूड, धातू, मेण आणि हवा यांच्या गुणधर्मांवर अवलंबून असतो, आणि हे गुणधर्म मोजता येतात. वीणेच्या वादनासाठी व घडणीसाठी नामांकित असलेल्या म्हैसूर नगराचे उदाहरण समोर ठेवून, जुन्या वीणेच्या आवाजात दांड्याचा वाटा किती, तारांचा किती आणि निगेचा किती, याचा विचार येथे केला आहे.

म्हैसूरची वीणा

म्हैसूरच्या वोडेयर राजांनी वीणावादनास दीर्घकाळ आश्रय दिला. वीणा शेषण्णा (१८५२–१९२६) हे त्या दरबारचे थोर वादक होते. पुढे वेंकटगिरियप्पा (१८८७–१९५२) आणि त्यांचे शिष्य दोरेस्वामी अय्यंगार (१९२०–१९९७) यांनी ही परंपरा पुढे नेली. उजव्या हाताच्या आघातांची स्वच्छता आणि प्रत्येक स्वराचा ठसठशीतपणा हे म्हैसूरच्या वादनपद्धतीचे वैशिष्ट्य मानले जाते. अशा वादनात तार खेचून स्वर सावरून घेण्यास वाव कमी असतो. पडदा जागेवर नसेल किंवा तार मंदावली असेल, तर दोष तत्काळ उघडा पडतो.

दक्षिणेतील ही सरस्वती वीणा उत्तर हिंदुस्थानी रुद्रवीणेहून निराळी आहे. तिचे मुख्य भाग तीन : नादपेटीचे काम करणारा लाकडी कुंभ, लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाचे व्याळमुख. व्याळमुखाजवळ दांड्याखाली दुसरा, सुटा तुंबा जोडलेला असतो. कुंभ, दांडा व मुख वेगवेगळे घडवून जोडतात. क्वचित सर्व वाद्य एकाच ओंडक्यातून कोरतात, त्यास ‘एकांड’ वीणा म्हणतात. दांड्याच्या दोन्ही कडांवर मेणाचे बांध असतात. मधमाशीच्या मेणात कोळशाची पूड मिसळून ते मेण तयार करतात, आणि त्यात पितळेचे किंवा काशाचे चोवीस पडदे बसवितात. चोवीस स्थिर पडद्यांची ही रचना तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली, अशी परंपरा आहे. एकंदर सात तारांपैकी चार पडद्यांवरून जातात. उरलेल्या तीन बाजूने असून त्यांचा उपयोग ताल व आधारस्वर यांसाठी होतो.

महाराष्ट्रातील वाचकांस तंबोरा अधिक परिचित आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा वापरतात, वीणेचा कुंभ मात्र लाकडाचा असतो. असे असले तरी ताणलेली तार, तिला धरणारा दांडा आणि तिचे कंपन पेटीकडे नेणारी घोडी ही त्रयी दोन्हींत सारखीच आहे.

तारेचा नियम

तारेची कंपनसंख्या तीन गोष्टींवर ठरते : लांबी, ताण आणि दर मीटरमागील वस्तुमान. लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला तरच ती दुप्पट होते. वस्तुमान चौपट झाले, तर ती निम्मी होते.

पडद्यांच्या जागा पहिल्या नियमावरून निघतात. मोकळ्या तारेची लांबी ८० सेंटीमीटर धरली, तर बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचे अंतर ४० सेंटीमीटर आणि चोविसाव्यापासूनचे २० सेंटीमीटर भरते. पहिला पडदा मेरूपासून, म्हणजे वरच्या टोकाच्या पट्टीपासून, सुमारे साडेचार सेंटीमीटरांवर येतो. शेवटच्या दोन पडद्यांतील अंतर मात्र १.२ सेंटीमीटरच उरते. पहिला पडदा एक मिलिमीटर सरकला, तर स्वरात पडणारा फरक जाणकारासही सहसा कळत नाही. चोविसावा तेवढाच सरकला, तर कंपनसंख्या अर्ध्या टक्क्याने बदलते आणि तो स्वर कानास खटकतो. म्हणून पडदे बसविणारा कारागीर घोडीकडील टोकास अधिक वेळ देतो.

ताणाचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. ८० सेंटीमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर जाड पोलादी तार सेकंदास १६० कंपने करील अशी लावली, तर तिच्यावरील ताण सुमारे ३.७ किलोग्रॅम-भार होतो. तोच स्वर ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेतून काढावयाचा असल्यास ताण ६.६ किलोग्रॅम-भार लागतो. जाडीत एक-तृतीयांशाने वाढ झाली, तर ताणात तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढ होते. हा आकडा पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

दांड्याचे कार्य

चार तारा प्रत्येकी ३.७ किलोग्रॅम-भाराच्या धरल्या, तरी दांड्यावर सुमारे पंधरा किलोग्रॅमचे ओढण पडते. वाद्य वाजत असो वा नसो, हे ओढण अहोरात्र चालूच असते. तारा दांड्याच्या पृष्ठभागापासून काही उंचीवर असल्यामुळे हा ताण दांड्यास नुसता दाबीत नाही. धनुष्याप्रमाणे वाकवू पाहतो. चांगल्या दांड्याचे पहिले काम म्हणजे या वाकण्यास विरोध करणे.

या कामी लाकडाच्या जातीपेक्षा दांड्याच्या आकाराचे महत्त्व अधिक आहे. आडव्या पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा आठपट होतो. तसेच दांड्यातील मधला गाभा कोरून काढला, तरी ताठपणा फारसा घटत नाही. चौरस छेदाच्या दांड्यातून निम्म्या रुंदीचा चौरस गाभा काढल्यास एक-चतुर्थांश लाकूड कमी होते, परंतु ताठपणा केवळ एक-षोडशांशाने घटतो. वीणेचा दांडा आतून पोकळ करून वर फळी बसविण्याच्या प्रघातामागे हेच गणित आहे. कारागिरांनी ते समीकरणांतून नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जाणले.

यातूनच एक सावधगिरीची सूचना निघते. वरची फळी घट्ट चिकटलेली असेतोवर दांडा बंद पेटीसारखा असतो. सरसाचा सांधा सुटला की तो उघड्या पन्हळीसारखा होतो आणि विशेषतः पिळास विरोध करण्याची त्याची शक्ती फार घटते. लाकूड जसेच्या तसे राहते, पण वाद्य ढिले बोलते. अशा वेळी दोष लाकडास देणे अन्यायाचे होय. दोष सांध्याचा असतो.

दांड्याचे दुसरे काम कमी परिचित आहे. दांडा स्वतःही कंप पावतो. तारेच्या एखाद्या स्वराची कंपनसंख्या दांड्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळली, तर तारेतील ऊर्जा पेटीकडे जाण्याऐवजी दांड्यात शोषली जाते. तो एकच स्वर लवकर विझतो, शेजारचे स्वर मात्र दीर्घकाळ टिकतात. ‘या पडद्यावर वीणा बोलत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा असेही एक कारण संभवते.

लाकडाची जात

म्हैसूरकडील वीणांसाठी शिसवीचे लाकूड प्रसिद्ध आहे, तर तंजावरकडे फणसाचे लाकूड पसंत केले जाते. वाळलेल्या शिसवीची घनता पाण्याच्या आठ-दशांशांहून किंचित अधिक असते. फणसाची सहा-दशांशांच्या आसपास भरते. शिसव जड, कठीण आणि झिजेस दाद न देणारी आहे. फणस हलका व कोरण्यास सुलभ असून जुना होईल तसा त्याचा पिवळा रंग तपकिरी होत जातो. जड दांडा कंपनास सहज वश होत नाही, म्हणून तारेतील ऊर्जा कमी चोरतो. उलट, हलके लाकूड कुंभाच्या भागात लवकर थरथरते. दोन्हींत गुण आहेत, आणि त्यांचा उपयोग कोठे करावयाचा यात कारागिराचे कौशल्य आहे.

जातीइतकेच महत्त्व लाकडाच्या शिरांना आहे. शिरांच्या दिशेने लाकूड ओलाव्याने जवळजवळ लांबत नाही. आडव्या दिशेने मात्र ते फुगते व आक्रसते, आणि वर्तुळांच्या कडेने हा बदल त्रिज्येच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून ज्याच्या शिरा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या आहेत असा दांडा पावसाळ्यात व उन्हाळ्यात सरळ राहतो. गाठ असलेला किंवा तिरप्या शिरांचा दांडा, लाकूड कितीही मोलाचे असले तरी, ऋतूंबरोबर पिळत राहतो. चांगले सुकविलेले, सरळ शिरांचे साधे लाकूड हे गाठाळ शिसवीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ.

दक्षिण भारतातील शिसव परदेशी वाद्यांतही पोहोचली आहे. ब्राझीलमधील शिसव दुर्मीळ होऊ लागल्यावर अमेरिकेतील मार्टिन या गिटारनिर्मात्यांनी १९६९ मध्ये भारतीय शिसवीचा अंगीकार केला, आणि पुढे तिचा वापर जगभर वाढला. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या व्यापारावर ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रण आले. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कर्नाटकातही शिसवीचे झाड परवान्यावाचून तोडता येत नाही. जुनी वीणा टिकविणे हे म्हणूनच संगीताप्रमाणे वनसंपत्तीच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

एकाच अडचणीवर दोन उपाय

दांडा कितीही उत्तम असला, तरी वर्षानुवर्षांच्या ताणाने तो किंचित वाकतोच. या अडचणीवर दूरच्या दोन देशांत दोन भिन्न उपाय निघाले, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे.

१९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ हे विजेवर चालणारे खर्जाचे गिटार बाजारात आणले. त्याचा दांडा मेपल लाकडाचा असून तारांची लांबी सुमारे ८६ सेंटीमीटर, म्हणजे वीणेच्या तारेहून थोडीच अधिक आहे. पण त्याच्या चार तारांचा एकत्र ताण सामान्यतः सत्तर-ऐंशी किलोग्रॅम-भार असतो. पडदे लाकडात ठोकून कायमचे बसविलेले असतात; दांडा वाकला तर पडद्यांची पातळी बिघडते आणि ते सहज हलविता येत नाहीत. म्हणून दांड्याच्या आत पोलादी सळई घालतात. तिचे टोक पिळून सळई ताणली, की दांडा पुन्हा सरळ होतो.

वीणेत सळई नाही. तिच्या दांड्यास सरळ करण्याऐवजी कारागीर पडदेच पुन्हा पातळीत आणतो. मेण उष्णतेने मऊ करून प्रत्येक पडदा वर-खाली व मागे-पुढे हलविता येतो. दांड्याच्या मध्यभागी एक मिलिमीटर खळगा पडला असेल, तर तेथील पडदे एक मिलिमीटर उंच बसवावयाचे, एवढेच. गिटारवाल्याने लाकडास शिस्त लावली, तर वीणाकाराने लाकडाचा स्वभाव मान्य करून पडद्यांस त्याच्याशी जुळते घ्यावयास लावले. वाकलेला दांडा म्हणजे वीणेचा अंत नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

पातळीकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, तेही मोजता येते. वर घेतलेल्या ०.३ मिलिमीटरच्या तारेचे मध्यावरील पडद्यापासूनचे अंतर ३ मिलिमीटर असेल, तर ती दाबताना होणाऱ्या जास्तीच्या ताणामुळे स्वर अर्धस्वराच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने चढतो. तेच अंतर ५ मिलिमीटर झाले, तर स्वर सुमारे पाव अर्धस्वराने चढतो. अंतर दुप्पट झाल्यास हा दोष चौपट होतो. वादक अशा वेळी ‘कान बिघडला’ असे समजतो; वस्तुतः बिघडलेली असते ती पडद्याची उंची.

तारा : सर्वांत लवकर वृद्ध होणारा भाग

लाकडास बदलण्यास दशके लागतात; तारा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बदलतात. बोटांचा घाम व हवेतील ओलावा यांनी पोलाद गंजते. धूळ व तेलकटपणा तारेवर असमान बसतो, त्यामुळे तिचे वस्तुमान ठिकठिकाणी वेगळे होते. नव्या, एकसारख्या तारेचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे जवळजवळ नेमके पडतात. मळलेल्या तारेत ही शिस्त मोडते, आणि तार स्वरात लागतच नाही. खर्जाच्या तारेवर दुसऱ्या तारेची वेटोळी असतील, तर मळ वेटोळ्यांच्या फटीत साचतो व उंच उपस्वर प्रथम शोषले जातात. आवाज बोदा होतो.

बोदेपणा हा नेहमीच दोष असतो असेही नाही. अमेरिकेतील विख्यात बासवादक जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) गुळगुळीत वेष्टनाच्या तारा वापरीत आणि त्या क्वचितच बदलीत. जुन्या तारांचा तो गोल, बसका आवाज त्यांस हवा होता. वीणेत मात्र स्वर दीर्घ टिकावा आणि त्यात उपस्वरांची झळाळी असावी अशी अपेक्षा असते. तेथे जुनी तार ही पहिली शंका घेण्याची जागा होय.

तारेची जाडी निवडताना वरील ताणाचा आकडा स्मरणात ठेवावा. ‘आवाज मोठा व्हावा’ म्हणून जुन्या वीणेवर जाड तारा चढविण्याचा मोह होतो. आवाज काही अंशी वाढतोही, परंतु दांड्यावरील व सांध्यांवरील ओझे त्याहून वेगाने वाढते. शंभर वर्षे हलक्या तारा सोसलेल्या सांध्यास एकाएकी पाऊणपट अधिक ताण देणे म्हणजे मोड ओढवून घेणे होय. मोठा आवाज हवा असल्यास ध्वनिवर्धक वापरावा. वीणेस तो भार देऊ नये.

घोडी आणि रामन यांचा शोध

वीणेची मुख्य घोडी लाकडाची असून तिच्या माथ्यावर किंचित बाक असलेली धातूची पट्टी असते. या बाकाचे मर्म चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास असताना १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात विशद केले.

टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचे निस्पंद स्थान येते ते उपस्वर निर्माण होऊ नयेत. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट कंपनसंख्येचा स्वर निघू नये. तंबोरा व वीणा यांत मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांनी दाखविले. कारण असे की, तार येथे धारदार कडेवर टेकलेली नसते. कंपन पावताना ती बाकदार पृष्ठावर क्षणोक्षणी कमी-अधिक टेकते आणि त्या स्पर्शातून वगळलेले उपस्वरही पुन्हा निर्माण होतात. तंबोऱ्यात हे कार्य साधण्यासाठी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवितात; वीणेत तेच काम पट्टीचा बाक करतो.

जुन्या वीणेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पोलादी तार वर्षानुवर्षे एकाच जागी घासून पट्टीवर खाच पाडते. खाच पडली की बाक संपतो, आणि वीणेची झळाळी जाते. कारागिराने कानसून बाक पूर्ववत केला, की ती परत येते. तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणतात ते याच जातीचे काम होय. लाकडाचा गुण गेला म्हणून ज्यांची आशा सोडली जाते, अशा वाद्यांपैकी काहींचा दोष या बोटभर पट्टीतच असतो.

ऋतुमान आणि मेण

तपमान वाढले की पोलादी तार लाकडापेक्षा अधिक लांबते आणि सैल होते. वर घेतलेल्या तारेसाठी हिशेब केल्यास दहा अंश सेल्सिअसच्या वाढीने कंपनसंख्या सुमारे दीड टक्क्याने, म्हणजे जवळजवळ पाव अर्धस्वराने उतरते. पितळ पोलादाहून अधिक प्रसरण पावते. म्हणून खर्जाची तार पितळेची असल्यास ती याहूनही अधिक उतरते. सर्व तारा सारख्या प्रमाणात उतरत नाहीत, हेच खरे दुखणे.

मेणाची मर्यादा याहून कडक आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांस वितळते, परंतु त्याच्या पुष्कळ आधी मऊ होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तारांच्या दाबाखाली पडदे मेणात रुतू शकतात. याउलट, फार जुने मेण कोरडे व ठिसूळ होऊन तडकते. पडदा सुटतो आणि तार दाबताच खरखर ऐकू येते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि तेथील हवा सौम्य आहे. तेथे घडलेली वीणा मुंबईस किंवा कोकणात नेली, तर दमट हवेत लाकूड ओलावा शोषून आडवे फुगते. तेव्हा नव्या जागी वाद्यास काही आठवडे स्थिरावू द्यावे, आणि मगच पडद्यांची दुरुस्ती हाती घ्यावी.

दोष कोठे आहे?

वरील विवेचनावरून जुन्या वीणेची परीक्षा क्रमाने करता येते. परीक्षेचा क्रम स्वस्त व सुलभ गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे जावा.

एकाच तारेवरील सर्व स्वर बोदे असतील, तर ती तार बदलावी. सर्वच तारा नव्या असूनही बोद्या वाटत असतील, तर घोडीची पट्टी पाहावी. एका पडद्यावर खरखर असेल, तर तो पडदा सुटलेला किंवा झिजून खाच पडलेला असतो. मोकळी तार स्वरात असून वरच्या पडद्यांवर स्वर क्रमाने चढत जात असेल, तर तारांची उंची वाढली आहे. दांडा वाकला असण्याचा संभव आहे. एकच स्वर कोणत्याही नव्या तारेवर लवकर विझत असेल, तर दांड्याच्या कंपनाची शंका घ्यावी. आणि ठिकठिकाणी अकारण झंकार ऐकू येत असेल, तर बोटाने हलके ठोकून सांधे तपासावेत; सुटलेला सांधा वेगळा आवाज देतो.

लाकूड कुजले आहे, किड्याने पोखरले आहे किंवा शिरांत फुटले आहे, असे आढळले तरच लाकडाचा दोष म्हणावा. रंगरोगणाचा जाड थर देणे, मूळ फळी तासून पातळ करणे, सुटलेला सांधा खिळ्याने ठोकणे या गोष्टी टाळाव्यात. तार बदलताना चूक झाली तर ती पुन्हा बदलता येते. तासलेले लाकूड परत येत नाही.

जुनेपणाची कसोटी

जुने वाद्य जुनेपणामुळेच श्रेष्ठ ठरते काय, याची परीक्षा पाश्चात्त्य वाद्यांवर झाली आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एकवीस व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिने डोळ्यांस काळे चष्मे लावून वाजविण्यास दिली. तीन नवी होती. दोन स्ट्राडिव्हारीची व एक ग्वार्नेरीचे होते. बहुतेकांनी नव्यास पसंती दिली, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीस. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात बावन्न वादकांनी सहा गिटारे अशाच रीतीने पारखली. त्यांची घडण सारखी होती, फक्त पाठीचे व बाजूंचे लाकूड निराळे होते. लाकडाच्या जातीमुळे पसंतीत लक्षणीय फरक पडला नाही.

हे प्रयोग वीणेवर झालेले नाहीत, म्हणून त्यांचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावू नयेत. तथापि डोळ्यांस जे मौल्यवान दिसते ते कानासही तसेच वाटेल असे नाही, एवढा बोध त्यांतून घेता येतो.

करून पाहण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग : तंबोऱ्याची तार बरोबर मध्यावर छेडावी आणि लगेच त्याच बिंदूवर बोटाने हलका स्पर्श करावा. वरच्या सप्तकाचा स्वर ऐकू येत राहील. हाच प्रयोग गिटारवर केल्यास तार जवळजवळ मुकी होते. रामन यांचा शोध अशा रीतीने शाळेतही पडताळून पाहता येतो. धागा काढून तंबोऱ्यावर प्रयोग पुन्हा करावा आणि फरक नोंदवावा.

दुसरा प्रयोग : वीणा, सतार किंवा गिटार यांच्या एका तारेवरील प्रत्येक पडद्याचा स्वर सारख्या जोराने छेडून तो ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ घड्याळाने मोजावा व आलेख काढावा. नंतर नवी तार लावून मापन पुन्हा करावे. दोन्ही आलेखांत एकाच जागी खड्डा राहिला, तर त्याचे कारण तारेत नसून वाद्यात आहे. संपूर्ण आलेखच वर सरकला, तर जुनी तार हाच दोष होता.

सारांश

दांडा वाद्यास स्थैर्य देतो. त्याचे गुण लाकडाच्या नावापेक्षा आकार, शिरा आणि सांधे यांवर अधिक अवलंबून असतात. तारा आवाजास तेज देतात आणि सर्वांत लवकर ते गमावतात. पडदे, मेण व घोडी यांची निगा या दोहोंस जोडून ठेवते. कानास जाणवणारे बहुतेक बदल तारा व निगा यांतून उद्भवतात आणि ते दुरुस्त होण्याजोगे असतात. मौन धरलेल्या वीणेस निकामी ठरविण्यापूर्वी तिला नव्या हलक्या तारा, कानसलेली घोडी आणि पातळीत बसविलेले पडदे द्यावेत. मग लाकडाविषयी मत बनवावे.